गेम रूमचं वायरिंग आणि ३ ऑक्टोबर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिंचवडच्या एका वाचकांनी फ्लॅटमधली तिसरी बेडरूम मुलांसाठी गेम रूम करून घेतली. भिंतींना फोम, फॉल्स सीलिंग, मोठा टीव्ही, कन्सोल, गेमिंग पीसी, दीड टनाचा एसी आणि सगळं वायरिंग नव्याने. ठेकेदार ठाण्याचा. काम ६ लाख ८० हजारांचं ठरलं, त्यातले ६ लाख २० हजार देऊन झाले. १४ ऑगस्ट २०२३ ला खोली ताब्यात आली. ३ ऑक्टोबर २०२३ ला पीसीच्या मागचा सॉकेट जळाला, टीव्ही आणि कन्सोल दोन्ही गेले. ठेकेदाराने सॉकेट बदलून दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एमसीबीचा खटका सारखा पडतो म्हणून एकदा येऊन गेला. त्यानंतर नुसते मेसेज. शेवटचा मेसेज गणपतीच्या आदल्या दिवशीचा, २६ ऑगस्ट २०२५ चा: दिवाळीनंतर पूर्ण खोलीचं वायरिंग नव्याने करून देतो, पैसे लागणार नाहीत. वाचक विचारतात की नोटीस पाठवावी का, ४२० लावता येईल का, की दिवाळीपर्यंत थांबून बघावं? पितृपक्ष संपला की वकिलांकडे जायचा विचार आहे, असंही त्यांनी लिहिलं आहे.

थांबू नका. पितृपक्ष संपायचीही वाट पाहू नका.

तुमच्या सात पानी पत्रात ठेकेदाराचं वागणं, बायकोचा राग, मुलांची निराशा सगळं आहे. पण ज्या एका गोष्टीवर तुमची केस उभी राहणार किंवा पडणार, तिचा उल्लेखही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. सॉकेट जळाला ती तारीख धरली, तर तुमची मुदत ३ ऑक्टोबर २०२५ ला संपते. मी हे १० सप्टेंबर २०२५ ला लिहिते आहे. दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आहे. ठेकेदाराने दिलेला वायदा तुमची मुदत संपल्यानंतरचा आहे, हे तुमच्या लक्षात आलं का? त्याने मुद्दाम केलं की नकळत, हे मला सांगता येणार नाही. परिणाम मात्र एकच.

"पण तो तर करून देतो म्हणतोय, म्हणजे त्याने चूक कबूल केली ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. मॉड्युलर किचनवाले, सोलरवाले, वॉटरप्रूफिंगवाले, सगळ्यांच्या फोनमध्ये "करून देतो" असतंच. नुसत्या आश्वासनांनी आणि पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे आयोग वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर आपण सुटू, असंही समजू नका. तक्रार मुदतीत आहे की नाही हे आयोगाने स्वतःहून आधी तपासलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. माझ्याकडे एक बाई किचनच्या ट्रॉल्यांची तक्रार घेऊन आल्या होत्या. फायलीत तीनशेहून जास्त मेसेजचे प्रिंट, सगळे तारीखवार लावलेले. दोन वर्षं आणि सात आठवडे उलटले होते. त्या सात आठवड्यांचा खुलासा करण्यातच आमच्या पहिल्या पाच तारखा गेल्या. ट्रॉल्यांबद्दल त्या दिवसांत कुणी एक शब्द बोललं नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ठेकेदाराचा वकील म्हणेल की दोन वर्षं ताबा दिला त्या दिवसापासून मोजा. तसं मोजलं तर १४ ऑगस्टलाच मुदत संपली. आपलं म्हणणं असेल की भिंतीतला दोष ताबा घेताना दिसणं शक्य नव्हतं, तो ३ ऑक्टोबरला उघड झाला, म्हणून तक्रारीचं कारण त्या दिवशी घडलं. मला हे म्हणणं भक्कम वाटतं, पण आयोग ते नक्की मान्य करेल असं लिहून देणार नाही. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीपासून मोजता येईल, असंही कुणी तुम्हाला सुचवेल. तो युक्तिवाद हाताशी ठेवा, त्याच्या भरवशावर बसू नका. म्हणून तक्रार ३ ऑक्टोबरच्या आत दाखल करा आणि तिच्यासोबत कलम ६९ च्या पोटकलम (२) खाली विलंबमाफीचा अर्जही द्या. अर्जात लिहा: आमच्या मते विलंब झालेलाच नाही, पण झाला असं आयोगाला वाटल्यास तो या कारणांसाठी माफ करावा. कारणांमध्ये दुरुस्तीच्या दोन भेटी आणि त्याचे मेसेज तारखांसकट घाला. मुदत वाढवायला ते मेसेज चालत नसले, तरी इथे उपयोगी पडतात.

२ ऑक्टोबरला यंदा गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आहेत, म्हणजे सुट्टी. ३ तारखेला शुक्रवारी सकाळी धावत जायचा बेत नको. तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते, पण कागदांत त्रुटी निघतात आणि त्या दूर करायला दिवस जातात. २२ सप्टेंबरला घटस्थापना आहे. त्याआधी तक्रार आत गेलेली असू दे.

आता ते वायरिंग. तुम्ही पाठवलेल्या फोटोंपैकी चौथा मी मोठा करून दोनदा पाहिला. फोम बाजूला सारलेला, मागे उघडी पेटी. हिरवी अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलीच नाही, ती कापून आत दुमडून ठेवली आहे. फेजचा जोड नुसता पिळून काळी पट्टी गुंडाळलेला, आणि ती पट्टी वितळून फोमला चिकटलेली. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे: एसी आणि पीसीसाठी स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाइन. तुमच्या ओळखीच्या वायरमनने जे उघडून पाहिलं, त्यात सगळं एकाच दीड स्क्वेअर एमएमच्या वायरवर आहे. फेब्रुवारीत खटका पडायचा थांबला कारण ठेकेदाराने २० अँपिअरचा काढून ३२ चा बसवला. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. खटका पडत होता तो वायर वाचवण्यासाठी. आता वायर तापून तिचं आवरण वितळलं तरी खटका पडणार नाही, आणि त्या भिंतीवर फोम आहे, जो झटकन पेट घेतो. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की मुलं "एसी न लावता" अजून तिथे खेळतात. ते आजपासून बंद करा. त्या खोलीचा खटका पाडा, वर चिकटपट्टी लावा आणि मुलांना कारण समजावून सांगा. केस हरली तर पैसे जातात, इथे त्याहून मोठं काहीतरी जाऊ शकतं.

मात्र पुढच्या आठवड्यात सगळं उखडून नवीन वायरिंग करायचा जो बेत तुम्ही केलाय, तो पंधरा दिवस पुढे ढकला. भिंत उखडली की तुमचा पुरावाही ढिगाऱ्यात गेला. आधी सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, शक्य असेल तर चार्टर्ड इंजिनिअरकडूनही. त्यात वायरची जाडी, खटक्याचं रेटिंग, अर्थिंग आहे की नाही, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवला आहे का आणि मेगरचं, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का हे मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग एवढं हवंच. तपासणीची तारीख ठेकेदाराला चार दिवस आधी मेसेजने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने कळवा, हजर राहायला सांगा. आला नाही तर तसं अहवालात लिहून घ्या. जळालेला सॉकेट आणि वायरचा हातभर तुकडा पाकिटात घालून, वर तारीख टाकून, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. जुना सॉकेट ठेकेदार घेऊन गेला असेल, तर त्याचा तेव्हाचा फोटो शोधा.

याच जोडीला ठेकेदाराकडे दोन कागद मागा: विद्युत ठेकेदाराचा परवाना आणि काम पूर्ण झाल्यावरचा चाचणी अहवाल. दिवा, पंखा, स्विच बदलण्यापलीकडचं विद्युत काम परवानाधारक ठेकेदारानेच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हे आहे. तुमच्या ठेकेदाराकडे परवाना नसेल असा माझा अंदाज आहे. नसल्यास सेवेतली त्रुटी सिद्ध करायला तज्ज्ञांच्या वादात फार खोल जावं लागणार नाही. खरं तर परवाना तुम्ही पहिला चेक देण्याआधी मागायला हवा होता. फोमचा रंग तुम्ही पाच नमुन्यांतून निवडला, आणि भिंतीत वायर कोण घालतोय हे एकदाही विचारलं नाही.

आणखी एक निष्काळजीपणा. १८ टक्के जीएसटी वाचवायला पक्कं बिल घेतलं नाही आणि १ लाख ६० हजार रोख दिले, पावतीशिवाय. बँकेतून गेलेल्या ४ लाख ६० हजारांची चिंता नाही. रोख रकमेसाठी त्याचे "मिळाले" असे मेसेज आहेत, ते वापरू. त्या चॅटचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल, वकील करून देतील. तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका, आणि मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल तर ती आत्ता बंद करा.

कोटेशनच्या तळाशी "सर्व वाद ठाणे न्यायक्षेत्रात" आणि "वाद लवादाकडे" असं छापलंय, त्याने घाबरून जाऊ नका. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये सांगितलं आहे. अधिकारक्षेत्र दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि तुमच्या रकमेला शुल्क फक्त २०० रुपये.

मोठा मुलगा रविवारी मित्रांकडून शंभर-शंभर रुपये घेऊन स्पर्धा भरवतो, हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ते ताबडतोब थांबवा. ठेकेदार "व्यापारी हेतू" म्हणेल, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी घेतलेल्या फ्लॅट्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली मुख्य हेतू काय होता हे पाहिलं, त्यामुळे तुम्ही त्यातून बाहेर पडाल असं मला वाटतं. पण घरगुती मीटरवर पैसे घेऊन खेळ चालवणं हा विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. ही डोकेदुखी ओढवून घ्यायची गरज नाही. मंजूर भार वाढवायचा अर्जही महावितरणकडे नव्या वायरिंगआधी करा.

बीमला झिरी मारल्याबद्दल सोसायटीची नोटीस आली आहे, ते प्रकरण वेगळं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि त्याच्या अहवालासह सोसायटीला उत्तर द्या. बीम न पाहता त्यावर मी मत देणार नाही. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा, मात्र दोन वर्षांनी कळवलेल्या दाव्याचं काय होईल याची मला फारशी आशा नाही. ४२० चं म्हणाल तर घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, म्हणजे जुनी दंडसंहिता लागेल. त्यात सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यात तुम्हाला दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील आणि तुमचे चार दिवस जातील, जे तुमच्याकडे नाहीत.

नोटीस जरूर पाठवा, पण ग्राहक तक्रारीआधी ती सक्तीची नाही. पंधरा दिवसांच्या उत्तराची वाट पाहत तक्रार अडवून ठेवायची नाही. तक्रारीत नवीन वायरिंगचा खर्च, टीव्ही आणि कन्सोलची किंमत बिलांसह, तपासणीचा खर्च आणि मानसिक त्रासाची वाजवी रक्कम मागा. तुमच्या पत्रातले २५ लाख लिहिले, तर बाकीच्या खऱ्या मागण्यांकडेही संशयाने पाहिलं जाईल. राहिलेले ६० हजार त्याला देऊ नका आणि लपवूही नका. ते देणं बाकी आहे हे तक्रारीत स्वतःच लिहा.

किती दिवस लागतील, हेही तुम्ही विचारलंय. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं लिहिलं आहे. मी चालवलेली एकही तक्रार तीन महिन्यांत संपलेली नाही, आणि याचा मला आजही संताप येतो. समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला मात्र ३० आणि वर फार तर १५ दिवस मिळतात. ती ४५ दिवसांची मर्यादा घटनापीठाने २०२० मध्ये सक्तीची ठरवली आहे. आयोगाची नोटीस त्याला कोणत्या तारखेला पोचली याची नोंद तुम्ही स्वतः ठेवा, आणि ४६ व्या दिवशी वकिलांना फोन करून विचारा.

मुदत चुकलीच तर दिवाणी न्यायालयात तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, पण तिथे कोर्ट फी भरावी लागेल आणि वाट आणखी लांबची आहे. तो विचार ३ ऑक्टोबरनंतर करू. आज कोटेशन, बँकेचे उतारे आणि चौथ्या फोटोची मोठी प्रिंट एका फायलीत लावा आणि उद्या सकाळी वकिलांकडे जा.