कमी बजेटमध्ये जुन्या मालातून गल्लीत बसायची जागा करायची आहे, डिझाइन आधी कुणाकडून काढून घेऊ?

भावा, तुझ्या मंडळाशेजारी मोकळी जागा आहे, पैसे फार नाहीत, आणि पाडकामातला माल वापरून कट्टा आणि पेपर-पुस्तकं वाचायला छोटी शेड करायची आहे असं तू लिहिलंयस. माझं सरळ म्हणणं, डिझाइन आधी काढूच नको. आधी माल गोळा कर.

मी सिव्हिल डिप्लोमा केलाय, साइट बघायची कामं करतो, आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आम्ही पोरांनी अशीच एक जागा उभी केली त्यावरनं सांगतोय. आम्ही पहिल्यांदा झकास ड्रॉइंग काढलं, दहा फुटी तुळया, एका मापाच्या खिडक्या, आणि ते ड्रॉइंग घेऊन तीन महिने माल शोधत फिरलो, मिळाल्या त्या साडेसात फुटाच्या तुळया आणि चार तऱ्हेच्या चार खिडक्या. मग ड्रॉइंग बाजूला ठेवलं, जे मिळालं ते जागेवर आणून मांडलं, खडूनं प्रत्येकावर माप लिहिलं आणि त्यातनं शेड केवढी होतीय ते ठरवलं, तेव्हा कुठं काम पुढं सरकलं. चंदीगडचं रॉक गार्डन बघ, नेक चंद यांनी १९५७ पासून, नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांतला माल सायकलवरनं गोळा केला आणि हातात जे आलं त्यातनंच ते सगळं घडत गेलं.

कोल्हापुरात माल भरपूर आहे. पेठांत वाडे पडायला लागलेत, तिथं मालकापेक्षा पाडकामाचा ठेका घेतलेल्या माणसाला आधी गाठ. सागवान तो वखारीत घालणार, ते महाग पडतं, पण मंगलोरी कौलं, घडीव काळा दगड, पायऱ्या आणि विटा त्याला उचलायलाच खर्च येतो. विटा घेताना भिंत कशात बांधलीय ते बघ. चुन्यातली वीट अख्खी निघते, सिमेंटातली निघता निघता फुटते, ती फक्त भरावाला कामाची. लोक किचन ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवतात, तो कडप्पा बाकाला एक नंबर, फक्त दर दोन फुटाला खाली आधार दे आणि सावलीत बसव, नाहीतर मे महिन्यात दुपारी त्यावर कुणी टेकणार नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत प्लाझ्मा कटिंगनं भाग कापून घेतल्यावर उरलेली भोकांची लोखंडी प्लेट किलोवर मिळते, कडा ग्राइंडरनं नीट मारल्या की रेलिंगला सुंदर जाळी होते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं लाकडी पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी मिळतील, त्यावर शिक्का असतो, एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती घे, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी गॅसची, ती फुकट दिली तरी नको. जुने सिमेंटचे पत्रे पण नकोत, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडणारी धूळ फुफ्फुसात कायमची बसते. पोरांना टायरचा झोका करणार असशील तर खाली भोकं पाड, पाणी साठलं की डेंग्यूचे डास.

आमची मोठी चूक खांबाची झाली. एका वाड्याचे दोन सागवानी खांब थेट काँक्रीटमध्ये गाडले, दोन पावसाळ्यांत बूड कुजलं आणि वाळवी वर चढली. वाड्यात खांब कधी जमिनीत नसतो, दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर उभा असतो, हे आम्ही आयुष्यभर बघत आलो होतो. मग त्याच वाड्याचे तळखडे शोधून आणले, खांबाचं कुजलेलं टोक कापलं, दगडावर उभे केले, आता ठणठणीत आहेत.

आणि एक गोष्ट मला अजून आठवते. एका वाड्याचा दगडी उंबरा मिळाला होता, चांगला पाच फूट लांब, तो आम्ही बाक म्हणून दोन विटांच्या खुंटांवर ठेवला. संध्याकाळी त्याच वाड्यात नांदलेल्या एक आजी आल्या, हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "पोरांनो, उंबऱ्यावर बसत न्हाईत रं." दुसऱ्या दिवशी तो काढून शेडच्या तोंडाशी उंबरा म्हणूनच बसवला. त्या आता रोज तिथनं आत येतात. म्हणून माल ज्यांच्या घरातला आहे त्यांना एकदा बोलवच, ही माझी कळकळीची विनंती. त्यांना विचारल्यावरच आम्हाला कळलं की म्हाताऱ्यांना उठताना हात टेकायला काहीतरी लागतं आणि बायकांना कट्टा रस्त्याकडं तोंड करून नको होता.

तुझी जागा नदीकडच्या भागात असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर कुठवर आला होता ते भिंतीवर बघून घे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे आणि दोन्ही वेळा पाणी त्याच्या खूप वर गेलं. पुस्तकांचं कपाट त्या खुणेच्या वर, आणि प्लायवूड अजिबात नको, भिजलं की फुगतं. सागवान भिजलं तरी सावलीत सावकाश वाळवलं की परत वापरता येतं.

जागा महापालिकेची असेल तर लेखी परवानगी घे, आणि मधली जागा रिकामी सोड, गणपतीत मांडव तिथंच पडणार. जुना माल साफ करण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून दिवाळीनंतर लगेच हात घाल आणि एप्रिलच्या आत कौलं चढव. पहिला वळीव पडला की पाणी कुठं गळतंय, कुठं साठतंय ते सगळं दिसतं, आणि दुरुस्तीला जूनपर्यंत वेळ हातात राहतो.