बाबांचा फोन काढून घेऊ का?

"ताई, बाबांचा स्मार्टफोन काढून घेऊन साधा फोन दिला तर?" समुपदेशक म्हणून गेल्या दीड-दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की समोर पन्नाशीची लेक किंवा मुलगा बसला आणि पिशवीतून बँकेचे कागद काढायला लागला, की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. पूर्वी घरफोडी झाली, मंगळसूत्र खेचलं गेलं, रात्री झोप लागत नाही, म्हणून माणसं यायची. ती आजही येतात. पण फोनवरच्या फसवणुकीच्या या नव्या भीतीत एक वेगळी गोष्ट मिसळलेली असते आणि ती मला एका काकांनी दाखवली. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

काका बहात्तर वर्षांचे, अख्खी नोकरी बँकेच्या काउंटरवर. काकू गेल्यापासून पुण्यात एकटे राहतात, लेक दहा मिनिटांवर. एका सकाळी फोन आला : तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय. मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. काका दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसून होते. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचीसुद्धा त्यांनी त्या माणसाकडे परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडून सहा लाख रुपये 'पडताळणीसाठी' पाठवले. लेकीला हे कळलं अकराव्या दिवशी, खात्यात पैसे नाहीत म्हणून विम्याचा हप्ता परत गेला तेव्हा.

पहिल्या भेटीत लेकच बोलत होती. काका फाइलचं रबरबँड काढत होते, परत लावत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या सह्या पारखल्या. मला कळायलाच हवं होतं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, म्हणजे माणूस स्वतःशी काय बोलतो, त्यातला हट्ट शोधते. त्यामुळे माझे कान त्या 'च'वर जातात. 'कळायला हवं होतं' या वाक्यात हळहळ आहे, ती सोसता येते. 'कळायलाच' म्हटलं की माणूस स्वतःचा न्यायाधीश होतो आणि रोज शिक्षा सुनावतो. दोन भेटी त्या एका अक्षरावर गेल्या.

'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, हे मी त्यांना समजावायला गेले, तर ते शांतपणे म्हणाले, "माहीत होतं हो." ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान याच फसवणुकीबद्दल बोलले होते : थांबा, विचार करा, मग कृती करा. काकांनी तो भाग रेडिओवर ऐकला होता. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. मग काय कमी पडलं?

चौथ्या भेटीत मी विचारलं, "काका, संशय कधी आला?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी. पैसे पाठवून तासभर झाला असेल."

"मग हिला फोन का नाही केलात?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मीही गप्प राहिले. इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, अशा शांततेत आपण तोंड उघडायचं नसतं. मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, "मागे वीजबिलाच्या मेसेजमध्ये बाराशे रुपये गेले होते. तेव्हा ही जावईबापूंसमोर म्हणाली, बाबा, कितीदा सांगायचं तुम्हाला! या वेळी तर सहा लाख होते."

लेक रडायला लागली. "बाबा, मी काळजीने बोलले होते हो."

"मला माहीत आहे ते," काका म्हणाले, "पण फोन उचलवेना."

त्या दिवशी माझ्याही डोक्यात लख्ख झालं. तोवर मी भीतीवर काम करत होते. पण भीती पहिल्या दिवसाची होती. नंतरचे दहा दिवस लाजेचे होते, आणि पैसे खरे त्या दहा दिवसांत हाताबाहेर गेले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार झाली, तर बँकांना कळवून रक्कम वाटेत रोखता येण्याची शक्यता असते. चोर ती भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या बँक खात्यांतून तासातासाला पुढे सरकवत असतो. म्हणून घरात उशिरा सांगण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

तेव्हा फोन काढून घेऊ नका. फोन गेला की माणूस आणखी एकटा पडतो, आणि चोराला एकटा माणूसच हवा असतो. "कुणाला सांगू नका, दार लावून घ्या" हे त्याचं पहिलं वाक्य असतं ते उगाच नव्हे. त्यापेक्षा आईबाबांना आजच, काही घडलेलं नसताना, स्पष्ट शब्दांत सांगा : कितीही रक्कम गेली तरी आधी मला फोन करा, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका. शंभर रुपयांच्या चुकीला तुम्ही कसे वागता, त्यावरून लाखाच्या वेळी तुम्हाला फोन करायचा की नाही हे ते ठरवतात. मुदत ठेव मोडण्याआधी घरातल्या एकाशी बोलायचं, हे त्यांच्याशी चर्चा करून ठरवा, परस्पर लादू नका. एका दिवसात किती रक्कम पाठवता येईल याची मर्यादाही बँकेतून कमी करून घेता येते. आणि फसवणूक झाल्यावर "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तोही चोराचाच समजा. काकांना तसे दोन आले.

त्यांचे सहा लाख अजून मिळालेले नाहीत. तक्रार नोंदवायला मात्र ते स्वतः गेले, लेक सोबत होती. टेलिफोनशेजारी आता एक पुठ्ठा टांगलाय, बँकेतल्या त्यांच्या सुबक अक्षरातला. १९३० दुसऱ्या ओळीवर आहे. पहिल्या ओळीवर लेकीचा नंबर.