नोटीस उघडल्यानंतरचे अकरा दिवस

फ्रीमाँटहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. एप्रिलमध्ये नोकरी गेली, कॅलिफोर्नियाच्या ईडीडीकडून, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याकडून, आठवड्याला ४५० डॉलर बेकारी भत्ता सुरू झाला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून २ मेला ते नाशिकला गेले आणि तिथूनच दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन सर्टिफाय करत राहिले, म्हणजे भत्त्यासाठी खात्याच्या ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहिले. ९ जूनला ईडीडीने नोटीस टपालात टाकली: चार आठवड्यांचे १,८०० डॉलर परत करा, खोटी माहिती दिल्याबद्दल ३० टक्के दंड म्हणजे आणखी ५४० भरा, शिवाय पुढचे काही आठवडे भत्ता बंद. २८ जूनला घरी परतल्यावर त्यांनी पाकीट उघडलं. मला लिहिलं १६ जुलैला. सुट्टीत भारतात जाऊन आलेल्यांची अशी पत्रं मला नेहमी येतात.

पैशांवर आपला हक्क कसा होता, यावर तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. ती सध्या बाजूला ठेवा. अपिलाची मुदत ३० दिवसांची, आणि ती नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून धरतात, पाकीट तुमच्या हाती पडल्यापासून नाही. म्हणजे ९ जुलैला ती संपली. न्यू जर्सीतल्या मेव्हण्यांनी काय सांगितलं ते इथे उपयोगाचं नाही; राज्य बदललं की मुदतही बदलते.

उशिरा केलेलं अपील सबळ कारण असेल तर ऐकून घेतलं जातं. नजरचूक, क्षम्य हलगर्जी यांनाही कायद्यात जागा आहे. पण न्यायाधीश आधी उशिराचंच पाहतील आणि वडिलांच्या आजारपणाने तुमचा उशीर पुरता झाकला जात नाही. २८ जून ते ९ जुलै, अकरा दिवस तुम्ही घरी होतात, कागद टेबलावर होता. अपिलाचा फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. तो न भरता तुम्ही ईडीडीला फोन लावत बसलात, याचा मला खरोखर त्रास होतो. फोनने मुदत थांबत नाही.

तरीही तुमची आशा त्या फोनांमध्येच आहे. मुदत संपायच्या आत कुणी तुम्हाला ‘थांबा, आम्ही फाइल पुन्हा बघतोय’ असं सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर खात्याच्याच सांगण्यावरून तुम्ही थांबलात, असं म्हणता येईल. मोबाइल कंपनीकडून त्या दिवसांचा कॉल तपशील काढा, प्रत्येक फोनवर काय बोलणं झालं ते आठवेल तसं तारीखवार लिहा. जे आठवत नाही ते रचू नका. हे आणि विमानाची तिकिटं जोडून अपील आजच पाठवा. आणखी आठवडा गेला तर त्याचंही उत्तर द्यावं लागेल.

आता मूळ मुद्दा. सर्टिफाय करताना दुसरा प्रश्न असतो: आजारपण किंवा दुखापत सोडून, रोज पूर्णवेळ काम स्वीकारता आलं नसतं असं काही कारण होतं का? नाशिकच्या हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी बसून तुम्ही ‘नाही’ म्हणालात. नोकरी मिळाली असती तर पुढच्या विमानाने आलो असतो, हे तुमचं म्हणणं प्रामाणिक असेल, पण न्यायाधीशांना पटेलच असं नाही. १,८०० डॉलर बहुधा परत करावे लागतील. झगडायचं ते ५४० डॉलरसाठी आणि बंद आठवड्यांसाठी, कारण त्यासाठी तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितलं हे ठरावं लागतं. प्रश्न चुकीचा समजला असेल तर तो कसा समजला, तेवढंच सरळ सांगा. सुनावणी बहुतेक वेळा फोनवर होते. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाष्या मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या वाचकांनी हे उत्तर आपल्याला लागू धरू नये. तिथे काम करण्याच्या परवानगीचाच प्रश्न आधी येतो.

आणि परतल्यापासून तुम्ही सर्टिफाय करणं सोडून दिलंय, ‘अपिलाचा निकाल लागू दे’ म्हणून. आज रात्रीच पुन्हा सुरू करा. अपील जिंकलात तरी ज्या आठवड्यांचं सर्टिफाय केलेलं नाही, त्यांचे पैसे सहसा मिळत नाहीत.