अंधारबनातील ओढ्यांविषयी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. जुलैमध्ये कॉलेजातील मुलामुलींचा गट घेऊन तू ताम्हिणी घाटाजवळच्या पिंपरी गावाहून अंधारबनाच्या रानातून कोकणातल्या भिऱ्याला उतरणार आहेस, आणि त्यासाठी बूट कोणते घ्यावेत व दोर किती लांब असावा असे विचारले आहेस. त्यांविषयी पुढे लिहिते. परंतु त्याआधी ज्या गोष्टीवर या वाटेचा सगळा भार आहे ती सांगायला हवी. ओढा ओलांडायचा की मागे फिरायचे हा निर्णय ओढ्याच्या काठावर पहिल्यांदा विचारात घेण्याचा नाही. तो पिंपरीला गाडीतून उतरण्याआधीच निम्माअधिक झालेला असला पाहिजे. काठावर पोहोचेपर्यंत तुझ्यामागे भिजलेली, दमलेली आणि पुढे जायला उतावीळ झालेली माणसे उभी असतात, आणि अशा वेळी भल्याभल्यांना पाणी आहे त्यापेक्षा उथळ दिसू लागते.

वाट सुमारे 13 किलोमीटरची आहे. पिंपरीचा तलाव मागे पडला की दाट रान लागते आणि मग वाट कुंडलिकेच्या दरीच्या कडेकडेने हिरडी गावाकडे जाते; तेथून पुढे ती कोकणात, भिऱ्याकडे उतरते. डोंगरावरून येणारे ओहोळ आणि ओढे या वाटेला आडवे जातात आणि थोड्याच अंतरावर दरीत कोसळतात. हे ध्यानात ठेव, कारण येथील धोक्याचे स्वरूप यावरूनच ठरते. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी असेल तर त्यात पाय घालायचा नाही, हा डोंगरात फिरणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि तो बरोबरही आहे. पण अंधारबनात तो पुरेसा नाही. ओलांडण्याच्या जागेखाली काही पावलांवर कडा असेल आणि तळाशी गुळगुळीत, शेवाळलेला कातळ असेल, तर घोटाभर पाणीसुद्धा पुष्कळ झाले. म्हणून ओढ्याजवळ आलीस की पाण्याची खोली पाहण्याआधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला काय आहे ते पाहा. पाय सुटला तर माणूस कुठे जाऊन थांबेल, या प्रश्नाचे उत्तर "दरीत" असे असेल, तर ती जागा ओलांडण्याची नाही.

हे ओढे इतक्या झपाट्याने का चढतात, तेही समजून घे. सह्याद्रीचा हा सगळा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर मातीचा थर पातळ, आणि उतार तीव्र. पडलेले पाणी मुरायला फारशी जागाच नाही. जूनच्या पहिल्या सरींचे काही पाणी तरी तापलेली जमीन आणि पालापाचोळा पिऊन टाकतात. जुलै उलटेपर्यंत माती इतकी भिजलेली असते, की तेवढ्याच सरीचे जवळजवळ सगळे पाणी ओढ्यात उतरते. त्यामुळे "आम्ही जूनमध्ये जाऊन आलो, काही अडचण आली नाही" असे कोणी सांगितले, तर ते जूनपुरतेच खरे धर. शिवाय तुझ्या डोक्यावर पाऊस नसतानाही वर पठारावर तो कोसळत असू शकतो, आणि दाट झाडीमुळे तुला वरचे आभाळ दिसतच नाही. पाणी मात्र आधी सूचना देते. स्वच्छ धार गढूळ, तांबूस होऊ लागते. पाने आणि काटक्या वाहून येऊ लागतात. खळाळ जाऊन आवाज घुमू लागतो. आणि पाण्याखाली धोंडे सरकल्याची गडगड ऐकू येऊ लागली, की काठ सोडून ताबडतोब उंचावर जायचे. ओढ्याजवळ थांबण्याची वेळ आली तर पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेव आणि दहा मिनिटांनी तो कुठे आहे ते पाहा.

या भागातला पाऊस किती असतो याची कल्पना शहरात बसून येत नाही. जुलै 2024 च्या अखेरच्या आठवड्यात ताम्हिणीला 24 तासांत 550 मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. पुणे शहरात सबंध वर्षात साधारण 700 ते 750 मिलिमीटर पडतो. हवामान खात्याच्या भाषेत 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, 115.6 च्या पुढे अतिमुसळधार आणि 204.4 च्या वर अत्यंत मुसळधार. अंदाज पाहताना पुणे शहराचा पाहू नकोस; घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा दिलेला असतो, तो पाहा. तो नारिंगी किंवा लाल असेल तर तारीख बदल. पैसे भरलेले असोत, बस ठरलेली असो, तरीही बदल.

आता बसविषयी, कारण या वाटेवरचे पुष्कळ चुकीचे निर्णय बसमुळे होतात असे माझे स्पष्ट मत आहे. गट पिंपरीला उतरतो, आणि बस लगेच ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याकडे निघून जाते. मग पहिला मोठा ओढा भरलेला दिसला, तरी मागे फिरून जायचे कुठे, या विचाराने लोक पाण्यात उतरतात. रानात मोबाइलवर विसंबता येत नाही, म्हणून चालकाशी आधीच बोलून ठेव: ठरलेल्या वेळेपर्यंत बस पिंपरीतच थांबेल, आणि तोवर कोणी परत आले नाही तरच ती भिऱ्याला जाईल. ती वेळ अशी ठरव, की तोपर्यंत तुम्ही सुरुवातीचे ओढे पाहून झालेले असाल. दुसरे असे, की ओलांडलेला प्रत्येक ओढा तुझ्या मागे चढत असतो. दोन ओढ्यांच्या मध्ये अडकणे ही येथील खरी भीती आहे. त्यामुळे दुसरा ओढा शंकास्पद वाटला तर वेळ न दवडता लगेच पहिल्याकडे परत फीर. आणि दोन्ही बंद झाले तर घाबरू नकोस. या ओढ्यांचे पाणलोट लहान आहे, त्यामुळे वरचा पाऊस थांबला की पाणी जसे चढते तसेच पुष्कळदा लवकर ओसरतेही. काठापासून दूर, उंच जागी सर्वांना एकत्र बसव, कोरडे कपडे घालायला लाव, खायला दे, ताडपत्री ओढून घ्या. भिजलेल्या अंगाला वारा लागला की जुलैतही माणूस थंडीने गारठून गळून जातो. यासाठी ताडपत्री, जास्तीचे जेवण आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले कोरडे कपडे प्रत्येक फेरीत हवेतच.

सुरक्षित जागा सापडली, तर ओलांडायचे कसे ते सांगते. पात्र रुंद होते तेथे पाणी पसरून मंद होते. अरुंद जागी उडी मारण्याचा मोह टाळ. बूट पायांतच राहू देत. बुटांचा तळवा चांगल्या खाचांचा, मऊ रबराचा हवा. महागडे, पाणी आत न येणारे बूट येथे पहिल्याच ओढ्यात भरतात, तेव्हा त्यावर पैसे घालवू नकोस. अंगावरचा घोळदार पावसाळी पोंचो काढून ठेव, कारण पाणी त्याला ओढते. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोड, म्हणजे पडल्यास पिशवी टाकून देता येईल. हातात दणकट काठी घे, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेव आणि आडवे सरकत जा. काठी आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, म्हणून मध्यभागी जोर वाढल्यासारखा वाटला तर तेथून मागे फिरण्यात काहीही कमीपणा नाही. गटातील नवख्यांना हातात हात गुंफून, सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला ठेवून, एकत्र ने. प्रवाहाच्या मध्ये मात्र कोणालाही फोटोसाठी थांबू देऊ नकोस. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून ती माणसे मध्यभागी उभी होती आणि चहूबाजूंनी पाणी वाढत गेले. एकमेकांना धरण्याने वाढत्या पाण्यापुढे निभाव लागत नाही, त्याआधी बाहेर यावे लागते.

दोराविषयी माझे म्हणणे तुला कदाचित रुचणार नाही. ज्यांना दोराचे काम शिकवलेले नाही, अशा गटाने दोराच्या भरवशावर पाण्यात उतरू नये. कमरेला दोर बांधून पाण्यात पाठवणे तर अगदीच घातक. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो. कोणी वाहून जाऊ लागलेच, तर त्याने पाठीवर होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवावेत आणि हातांनी काठाकडे सरकावे. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाऊल दगडांत अडकले की वरून येणारे पाणी माणसाला पालथे पाडते. हे सर्वांना पिंपरीलाच सांग.

हिरडी मागे टाकून भिऱ्याला उतरलात की मुले कुंडलिकेत डुंबायला निघतील. त्यांना आवर. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तेथे सोडले जाते, त्यामुळे पाऊस नसतानाही नदीची पातळी बदलते.

अंधारबन ताम्हिणी अभयारण्याच्या क्षेत्रात येते आणि पावसाळ्यात तेथे प्रवेशबंदीचे आदेश निघत असतात. निघण्याच्या आठवड्यात वनविभागाकडे चौकशी कर, आणि पिंपरीतील एक वाटाड्या सोबत घे. कोणता ओढा किती पावसाने चढतो हे गावातल्या माणसाला ठाऊक असते, आणि त्याने नको म्हटले तर वाद घालू नकोस. बंदी असेल तर सहल ऑक्टोबरच्या अखेरीस ने. पाणी तेव्हा उतरलेले असते, कातळ मात्र निसरडेच असतात, आणि परतीच्या पावसाच्या सरी बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून उजाडताच निघून दुपारपर्यंत हिरडी गाठावी. वाटाड्याशी बोलणे झाले आणि बसची वेळ ठरली की मला कळव.

कळावे.