सगळं नीट आहे, मग रडू का येतं?

ताई, वय ४६, कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट, कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला हेड, लेक जॉबला बंगळुरूला, आणि तरी म्हात्रे पुलाच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या घळाघळा रडू येतं, राजीनामा टाकावासा वाटतो, असं लिहिलंय तुम्ही. कुंभारवाड्यातून हौसेने आणलेली शाडू पडून आहे कारण मिस्टर म्हणाले, हे काय वय आहे का मातीत खेळायचं.

हेच तर वय आहे! कार्ल युंग, स्विस मानसोपचारतज्ज्ञ, त्यांचं म्हणणंच हे होतं की पस्तिशी-चाळिशीच्या आसपास माणूस आतून बदलायला लागतो. त्याआधी शिक्षण, नोकरी, संसार, त्यासाठी जगापुढे एक चेहरा घडवावा लागतो, त्याला ते पर्सोना म्हणतात. तुमचा चेहरा म्हणजे ‘मॅडम आहेत ना, मग टेन्शन नाही’. तो खोटा नाहीये हो, त्याच्यावरच घर उभं राहिलं, पण तो सांभाळताना अंगातलं जे जे दाबून टाकलं ते कुठे जात नाही, ती आपली शॅडो, आणि आयुष्याची दुपार झाली तरी आपण सकाळच्याच टाइमटेबलने चालत राहिलो की ती जोर करते.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते त्या कलीगचं. पाच वाजले की ती पर्स उचलून निघते आणि तुमच्या डोक्यात तिडीक जाते, घरी येऊनही तेच डोक्यात. युंग म्हणतील, एवढा राग येतोय म्हणजे तिच्यात तुमचंच काहीतरी दिसतंय. तुम्हालाही पाचला निघायचंय ताई. मग आठवड्यातून एक दिवस निघा ना, काय बिघडतंय.

आणि मातीबद्दल. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड, युंगचे ज्येष्ठ सहकारी, त्यांच्याशी संबंध तुटल्यावर, १९१३ च्या सुमारास, अडतिशीच्या आसपासचे युंग स्वतःच पार हलले होते. तेव्हा हा नावाजलेला डॉक्टर दुपारचं जेवण झालं की तळ्याकाठी दगडं गोळा करून लहानपणीसारखी घरं, किल्ला, अख्खं गाव बांधत बसायचा, पेशंट येईपर्यंत. त्यांनाही लाजच वाटायची, पण केलं, आणि त्यातूनच त्यांना वाट सापडत गेली. मिस्टरांना हे सांगा आणि वर हेही सांगा की हा माझा टाइमपास नाहीये, मला याची गरज आहे.

राजीनामा मात्र आत्ता नको. युंगनी त्या काळात युनिव्हर्सिटीतलं शिकवणं सोडलं पण पेशंट आणि घर सोडलं नाही, बायको, पाच मुलं, त्या आधारानेच आपण टिकलो असं ते सांगायचे. तुम्हीही ऑफिस चालू ठेवा, फक्त सगळं अंगावर घेणं कमी करा.

अजून एक, गायनॅकला भेटून थायरॉइड वगैरे तपासून घ्या, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत हॉर्मोन्समुळेही असं होतं. आणि दोन आठवडे रोजच रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर चांगल्या कौन्सेलरची अपॉइंटमेंट घ्या, मिस्टरांनाही सोबत न्या.