ग्रान्क्विस्त विश्वचषकानंतर दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये का गेला?

तुम्ही विचारलंय की २०१८ च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारा कर्णधार आंद्रेआस ग्रान्क्विस्त त्यानंतर लगेच स्वीडनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळायला का गेला, आणि मोठ्या क्लबांनी घेतलं नाही म्हणून तर नव्हे?

नाही, तसं अजिबात नाही. हेल्सिंगबोर्ग क्लबशी त्याचं बोलणं विश्वचषकाआधीच पक्कं झालं होतं. म्हणजे रशियात दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून तो उतरला, तेव्हा पुढचा मुक्काम कुठला हे त्याला ठाऊक होतं. मी कॉलेजात स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळायचो, त्यामुळे गोल मारणाऱ्यांपेक्षा गोल अडवणाऱ्यांकडे माझं लक्ष जास्त. ग्रान्क्विस्तला मी बरीच वर्षं बघत आलोय. त्याचा हा निर्णय समजायचा असेल तर २००६ सालात जावं लागतं.

ग्रान्क्विस्तचा जन्म १९८५ चा, हेल्सिंगबोर्गचा. जवळच्याच पोआर्प या गावातून तो पुढे आला आणि हेल्सिंगबोर्गच्या मुख्य संघात पोचला. तो २१ वर्षांचा असताना त्याच ड्रेसिंगरूममध्ये एक माणूस परत आला: हेन्रिक लार्सन. लार्सन त्याच शहराचा. नुकताच बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळून आणि जिंकून आलेला. युरोपात आणखी कुठेही जाऊ शकला असता, पण आला तो आपल्या गावच्या क्लबात. त्या वर्षी हेल्सिंगबोर्गने स्वीडिश कप जिंकला. एवढा मोठा खेळाडू परत येतो तेव्हा शहराला काय होतं, हे ग्रान्क्विस्तने ऐन उमेदीत शेजारी बसून पाहिलंय. माझ्या मते २०१८ च्या निर्णयाचं मूळ तिथे आहे.

पुढच्या जानेवारीत दोघंही इंग्लंडला गेले. लार्सन थोड्या काळासाठी मँचेस्टर युनायटेडकडे, ग्रान्क्विस्त विगनकडे. विगनमध्ये त्याचं बस्तान बसलं नाही. तिथून २००८ मध्ये तो हॉलंडच्या ग्रोनिंगेनला गेला आणि तिथे खऱ्या अर्थाने फुलला. मग इटलीत जेनोआकडून दोन हंगाम, आणि २०१३ पासून पाच वर्षं रशियात क्रास्नोदार. यातलं एकही नाव पोस्टरवर मिरवावं असं नाही, आणि म्हणूनच बहुतेकांना तो २०१७ पर्यंत माहीतच नव्हता.

युरो २०१६ या युरोपीय देशांच्या स्पर्धेनंतर स्वीडनचा सगळ्यात मोठा स्टार झ्लाटान इब्राहिमोविच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. आता स्वीडनचं काय, असंच सगळे म्हणत होते. नवे प्रशिक्षक यान अँडरसन यांनी कर्णधारपद ग्रान्क्विस्तकडे दिलं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा गट कठीण होता, फ्रान्स आणि हॉलंड दोघंही त्यात. स्वीडन दुसरा आला, हॉलंड घरी बसला, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे विश्वचषकाच्या तिकिटासाठीच्या दोन सामन्यांच्या लढतीत, समोर आली इटली.

तो सामना मी कधीच विसरणार नाही. स्वीडनमधल्या सोल्नातला पहिला सामना स्वीडनने १-० जिंकला होता. परतीचा सामना १३ नोव्हेंबर २०१७ ला मिलानच्या सान सिरो मैदानावर, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वा वाजता. घरात सगळे झोपलेले, मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलेलो. जवळजवळ सगळा वेळ चेंडू इटलीकडे. बाजूने गोलसमोर क्रॉसवर क्रॉस येतायत आणि प्रत्येक वेळी एक सोनेरी डोकं मधे येतंय. १९२ सेंटिमीटर उंचीचा माणूस, पण उंचीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो आधीच तिथे उभा असायचा. चेंडू बाजूला असतानाच मान वळवून मागे कोण आहे ते बघायचा, हाताने जोडीदार बचावपटू लिंडेलोफला दोन पावलं आत बोलवायचा, आणि मग उडी. तो सामना कुठे मिळाला तर चेंडू सोडून पाच मिनिटं फक्त ४ नंबरच्या जर्सीकडे बघा. दोन हंगाम जेनोआत काढलेला हा माणूस इटालियन हल्ला कसा येतो ते ओळखून होता. ०-० संपलं. १९५८ नंतर प्रथमच इटली विश्वचषकाला मुकली.

स्वीडनच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दरवर्षी ‘गुल्डबोलेन’ म्हणजे सोन्याचा चेंडू मिळतो. २००७ ते २०१६ अशी सलग दहा वर्षं तो एकट्या झ्लाटानने नेला होता. २०१७ ला तो ग्रान्क्विस्तला मिळाला. बचावपटूला, तेही ३२ व्या वर्षी! मला स्वतःला काही मिळाल्यासारखा आनंद झाला होता.

आता विश्वचषक. पहिला सामना दक्षिण कोरियाशी, निझनी नोव्हगोरोदला. दुसऱ्या अर्धात स्वीडनचा क्लासोन पेनल्टी क्षेत्रात पडला, रेफ्रीने खेळ चालू ठेवला, कोरियाचे खेळाडू दुसऱ्या टोकाला पळाले, आणि मग व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ रीप्लेवर, बघून पेनल्टी दिली गेली. अशा वेळी पेनल्टी मारणाऱ्याची फार परीक्षा असते. वाद चाललेला, चेंडू हातात घेऊन उभं राहायचं, विचार करायला नको तेवढा वेळ मिळतो. ग्रान्क्विस्तने गोलरक्षकाला चुकीच्या बाजूला उडी मारायला लावली आणि चेंडू शांतपणे जाळ्यात सरकवला. १-०. पुढच्या सामन्यात जर्मनीच्या क्रोसने शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल करून हरवलं. त्यानंतर मेक्सिकोविरुद्ध जिंकणं फार गरजेचं होतं. तिथे पुन्हा पेनल्टी, पुन्हा ग्रान्क्विस्त, पण या वेळी जोरात आणि उंच कोपऱ्यात. सामना ३-० असा सुटला आणि स्वीडन गटात पहिला आला.

याच दिवसांत त्याची पत्नी स्वीडनमध्ये बाळंत होणार होती. बाद फेरीत स्वित्झर्लंडला १-० हरवल्यावर दोन दिवसांनी मुलगी झाली, आणि आणखी दोन दिवसांनी इंग्लंडशी सामना होता. तो रशियातच थांबला. हे बरोबर की चूक ते मी ठरवणार नाही, तो त्या दोघांचा निर्णय. इंग्लंडने २-० ने हरवलं. पण १९९४ नंतर स्वीडन प्रथमच इतकं पुढे गेलं होतं.

आणि तिथून तो थेट हेल्सिंगबोर्गला. तो क्लब २०१६ च्या अखेरीस वरच्या लीगमधून, म्हणजे ऑल्स्वेन्स्कानमधून, खाली घसरला होता. तेव्हा प्रशिक्षक होता तोच हेन्रिक लार्सन. निर्णायक सामना हरल्यावर चेहरे झाकलेले काही लोक मैदानात घुसून लार्सनच्या मुलाच्या, योर्डानच्या, अंगावर गेले. तोही त्याच संघात खेळत होता. एवढी कटुता झालेल्या ठिकाणी, ३३ व्या वर्षी, कारकिर्दीच्या शिखरावरून कुणी उतरतं का? ग्रान्क्विस्त उतरला. त्याच हंगामात हेल्सिंगबोर्गने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली आणि वर परतला. म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘घसरण’ हा सूर मला पटत नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. २०२० मध्ये क्लब पुन्हा खाली गेला, आणि दुखापतींनीही त्याला छळलं. २०२१ च्या युरोसाठी संघात त्याचं नाव होतं, पण तोवर पाय साथ देत नव्हते. देशाकडून ८८ सामने आणि ९ गोल यांवर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. बूट काढल्यावर तो क्रीडा संचालक म्हणून कामाला लागला, तेही हेल्सिंगबोर्गमध्येच.