'मालकाकडून आले की देतो' : पेटी ठेकेदाराने किती थांबायचं?

प्रश्न : मी पेटी ठेकेदार, म्हणजे मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली काम घेणारा. इंदूरच्या बायपासवरच्या एका इमारतीचं प्लास्टर मालासकट केलं. काम संपून चौदा महिने झाले. मुख्य ठेकेदाराने फायनल बिलात प्लास्टरच्या मापातून 120 दारांची जागा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वजा केली, आणि उरलेले साडेपाच लाख 'मालकाकडून आले की देतो' म्हणत अडवलेत. वाढीव काम तर व्हॉट्सॲपवरच सांगितलं होतं. काय करू?

उत्तर : आधी वर्क ऑर्डर काढा. मोजणी आयएस 1200 (बांधकाम मोजणीचं भारतीय मानक) प्रमाणे असं त्यात असेल, तर ही वजावट टिकणार नाही. दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल, तर 0.5 चौ.मी.पर्यंतचं ओपनिंग (दार-खिडकीची मोकळी जागा) वजाच होत नाही. 0.5 ते 3 चौ.मी.चं एकाच बाजूने वजा होतं, पण आतल्या कडांचे पैसे वेगळे मिळत नाहीत. 3 च्या वर दोन्ही बाजू जातात आणि कडा मोजून मिळतात. तुमचं दार 0.90 बाय 2.10 मीटरचं असेल, तर 1.89 चौ.मी. झालं, एक बाजू जास्तीची वजा झाल्याने 120 दारांत तुमचं 226.8 चौ.मी. बुडालं. दोघांनी मिळून संयुक्त मोजणी करावी, अशी लेखी मागणी मुख्य ठेकेदाराला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. ते आले नाहीत, तर बाहेरच्या इंजिनिअरकडून मोजून घ्या.

'मालकाकडून आले की' ही अट वर्क ऑर्डरमध्ये स्पष्ट नसेल, तर ती सबब चालत नाही. तुमचा करार मालकाशी नाहीच. अट असेल, तर मात्र प्रकरण अवघड.

वाढीव कामाचे पैसे करार कायद्याच्या कलम 70 खाली मागता येतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यातला एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. फोनवरच्या 'बघतो हो'ने ती वाढत नाही. मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली किंवा लेखी नोंद असलेली थोडी रक्कम मिळाली, तरच वाढते. वर्क ऑर्डरमध्ये लवादाची अट असेल तर लवाद कायद्याच्या कलम 21 ची नोटीस द्या. नसेल तर, रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) कामाआधीची असेल, तर लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचाही रस्ता आहे, पण असा ठेका एमएसएमई कायद्यात बसतो का, यावर हायकोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

प्रश्न : पेटी ठेकेदार म्हणून केलेल्या सरकारी कामातल्या थकबाकीसाठी भोपाळच्या न्यायाधिकरणात जाता येईल?

उत्तर : मुख्य ठेकेदाराला येईल, तुम्हाला नाही. मध्य प्रदेशच्या 1983 च्या मध्यस्थम् अधिकरण अधिनियमाखाली तिथे शासनाशी किंवा सरकारी उपक्रमाशी थेट करार असणाऱ्याचेच, 50,000 रुपये व त्यापुढचे वाद जातात. तेही आधी करारातल्या अंतिम अधिकाऱ्यापुढे मांडून, आणि त्याच्या निर्णयापासून एका वर्षाच्या आत. पेटी ठेकेदाराची वसुली मुख्य ठेकेदाराकडूनच.